सिस्टरबाईंचं गव्हाणीतलं पोर

देवाच्याही पोटात लहानपणी कळ आली असणार आणि त्यानंही रडून घर डोक्यावर घेतलं असणार, हे सिस्टरबाई इतक्या छातीठोकपणे सांगत, जणू घुटी उगाळायला त्याच तिथं हजर होत्या. हिर्डोशीच्या उपकेंद्रात नर्स म्हणून त्यांची उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर माहेरी नगरकडे न जाता त्या इथंच राहिल्या. मी शाळेवर बदलून आलो आणि त्यांच्या पडवीलगतच्या खोलीत भाड्यानं राहू लागलो. गावात ख्रिस्ती घर तेवढं एकच.

देवाधर्माच्या बाबतीत मी कोरडा माणूस, त्यामुळे त्यांना डिवचायची मला खोडच लागली होती. एकदा म्हणालो, "बाई, देवानं माणसाचा जन्म घेतला यात नवल ते काय? आमच्याकडे अवतारांची रांग आहे."

भाकरी थापता थापताच त्या म्हणाल्या, "असू द्या की गुरुजी, मी कुठं भांडते? पण माझा देव पराक्रम दाखवायला नाही आला. दुपटी ओली करायला आला. दुसऱ्यानं उचलल्याबिगर कूस बदलता येईना, असा झाला."

मला ते पटलं असं नाही. पण नाचणीची भाकरी तव्यावरून थेट ताटात आली आणि वाद तिथंच मिटला.

नाताळात त्या ओट्यावर लाकडी गव्हाण मांडत, तिच्यात भाताचा पेंढा पसरत आणि वर मातीचं बाळ निजवत. वरच्या धनगरवाड्यातली ठकुबाई शेरडं घेऊन त्या वाटेनं जाई. तिची सगळी बाळंतपणं सिस्टरबाईंनीच केलेली. ते उघडंवाघडं बाळ पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती कळवळलीच. "आगं बया! येवढ्या थंडीत पोर उगडं ठिवलंय व्हय?" दुसऱ्या दिवशी तिनं जुन्या लुगड्याची कुंची शिवून आणली, बाळाला घातली आणि नजर लागू नये म्हणून कपाळावर काजळाची तीट लावली. सिस्टरबाई पोट धरधरून हसल्या. पुढं दर नाताळात हे ठरूनच गेलं.

नाताळ झाला की पुण्याकडून चर्चचे पाळकसाहेब येत आणि सिस्टरबाईंना प्रभुभोजन देत. भाकरीचा एक तुकडा आणि घोटभर द्राक्षरस, बस्स. पण सिस्टरबाईंचा जीव त्यात अडकलेला असे. "गुरुजी, वर्षभर मी त्या घासावर जगते," असं त्या म्हणत. म्हातारे पाळक तीट बघून नुसते हसत. पुढं त्यांच्या जागी एक तरुण पाळक आले. माणूस सरळ, पण नियमाला पक्का.

"बाई, प्रभूच्या कपाळावर हे असलं नको," ते म्हणाले. "आधी पुसा, मग प्रभुभोजन."

ठकुबाई दारातच उभी होती. सिस्टरबाईंनी पदराचं टोक ओलं केलं, बाळाच्या कपाळापर्यंत नेलं आणि हात मागं घेतला. "साहेब, देव माणसांच्या हातात आला म्हणतो ना आपण? मग माणसं आपल्या पोराला करतात तसंच त्याला करणार. मला नाही पुसवत."

पाळक रागावले नाहीत. प्रार्थना केली आणि भाकरीचा डबा न उघडताच एसटीनं परत गेले. सिस्टरबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. माझाच संताप झाला. "एवढीशी तीट, पुसली असती तर काय बिघडलं असतं?"

"ठकी परत दारात आली नसती, गुरुजी."

पुढच्या नाताळात पाळक आलेच नाहीत. बाईंनी टेबलावर पांढरा कपडा अंथरला आणि संध्याकाळी घडी करून ठेवून दिला. मला ते बघवलं नाही.

उन्हाळ्यात त्यांची एक बाजू लुळी पडली. ठकुबाई शेरडं सुनेच्या हवाली करून खाली राहायला आली. डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा मी टेकाडावर रेंज येते तिथं जाऊन पाळकांना फोन लावला आणि त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. ते दुसऱ्याच दिवशी आले. बस वर येत नव्हती, म्हणून फाट्यापासून उन्हातून चालत आले होते. काही न विचारता त्यांनी डबा उघडला, प्रार्थना केली आणि भाकरीचा तुकडा बाईंच्या ओठांना लावला. तोंड नीट मिटत नव्हतं, तुकडा ओघळून उशीवर पडला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच झालं. बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"द्या हिकडं, सायेब," ठकुबाई म्हणाली. "असं न्हाई जायाचं."

हा घास पाळकांच्याच हातून द्यायचा असतो, यातलं तिला काही ठाऊक नव्हतं. तिनं तुकडा घेतला, द्राक्षरसात भिजवला, बोटांनी कुस्करला. बाईंचं डोकं मांडीवर घेतलं आणि चांगल्या बाजूच्या गालात घास सारला. पाळक पुढं झाले आणि तिथंच थांबले.

"गिळा, माजी बाय, गिळा."

घास उतरला. पाळक खाली, ठकुबाईच्या शेजारी जमिनीवर बसले आणि रडायला लागले.

सिस्टरबाई त्याच आठवड्यात गेल्या. त्यांचा देव मला आजही नीटसा कळलेला नाही, पण तो घास घशाखाली उतरला तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले होते.