हार्ड डिस्कमध्ये अडकलेली आत्याची गाणी

मंडळी, कॉम्प्युटरमधलं कळणारं कुणी असेल तर कृपया हे पूर्ण वाचा.

उमरठची माझी आत्या आसपासच्या सगळ्या लग्नांत हळदीची गाणी म्हणायची. ती मी रेकॉर्ड करून महाडला आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर ठेवली होती. दुसरी कॉपी नाही. गेल्या वर्षी आत्याला अर्धांगवायू झाला आणि तिचं बोलणंच गेलं.

आज कॉम्प्युटर लावला तर स्क्रीनवर हार्ड डिस्क एरर आणि आतून टकटक आवाज. केबल काढून परत लावली, तरी तेच. नवरा म्हणाला, "आता बंद ठेव. जितक्यांदा चालू करशील तितकी ती जास्त बिघडेल."

कळत होतं, पण राहवलं नाही. पुन्हा चालू केला. या वेळी कसाबसा सुरू झाला आणि फोल्डर उघडलं. रडतच पेनड्राइव्हवर कॉपी करायला घेतलं. एक गाणं आलं आणि सगळं अडकलं. त्यानंतर डिस्क दिसतच नाही.

ते एक गाणं मी आत्याच्या सुनेला, म्हणजे वहिनीला, फोनवर पाठवलं. तिने आत्याच्या उशाशी लावलं. थोड्या वेळाने तिचा फोन आला.

"ऐक गो. आईंना बोलता येत नाय, पण गाण्याचे शब्द येतायत."

मागून आत्याचा अडखळता आवाज येत होता.

बाकीची गाणी त्या बंद डिस्कमध्येच आहेत. पुण्या-मुंबईत ती परत काढून देणारं खात्रीचं कुणी माहीत आहे का? मी उद्याच डिस्क घेऊन निघते.