चामोर्शीचं तळं आणि आमच्या रिकाम्या टाक्या

शेजारची सुनीता चार वर्षं माहेरी गेली नव्हती. वडिलांसाठी तिने स्वेटर विणला आणि माझ्याच हाती दिला. मला जंगल बघायचंच होतं, निघाले.

चंद्रपूरपर्यंत रेल्वे, पुढे एसटीने मूलमार्गे गडचिरोली, तिथून चामोर्शी. रस्ता चांगला आहे, पण तिथून सुनीताच्या गावाची बस दिवसातून दोनदाच, तेव्हा वेळ विचारून घ्या. जेवण स्टँडबाहेर करा. वरण-भात आणि झणझणीत वांग्याची भाजी, शंभराच्या आत पोट भरतं.

सुनीताचे वडील नागोभाऊ गावतळ्यावर मासे धरतात. सकाळी जाळं ओढलं, वाटे पडले. ज्या घरी आजारी माणूस किंवा बाळंतीण, त्या घरचा वाटा आधी. भाऊंचा शेवटी. रिकाम्या हाती कुणीच गेलं नाही.

दुपारी भाताबरोबर तेच मासे वाढताना भाऊ आपणहून बोलले. कोरोनात लसीचा डबा आला, बायकोला टोकन मिळालं. शेजारीण पोटुशी, भरल्या घरात राबणारी, म्हणून त्यांनी टोकन तिला दिलं.

"मले वाटलं, सोमवारी दुसरा डब्बा येईन. तो आलाच नाई. सुनीता म्हणते, मीनंच मारलं तिच्या मायले."

तेव्हा मी पुण्याजवळ लस कारखान्यात ऑपरेटर होते. लस बनवायच्या टाक्या धुऊन तयार, आम्ही तयार. एका परदेशी कंपनीकडे तिच्या लसीची कृती मागितली, तर उत्तर आलं की ती आमची मालमत्ता आहे. पेटंट वाचता येतं हो, पण कुठल्या टप्प्यावर माल कसा बिघडतो, ते शेजारी उभं राहून कुणीतरी शिकवावं लागतं. माणसं मरत होती आणि यांना धंद्याचं गुपित सांभाळायचं होतं! आजही आठवलं की संताप होतो. हे सगळं मी भाऊंना सांगितलं.

भाऊ म्हणाले, "शिकवलं असतं तं त्यायचं काय कमी झालं असतं?" मग हळूच म्हणाले, "हे सुनीताले सांगजा, बाई."

घरी येऊन सांगितलं. सुनीताने विचारलं,

"टाक्या रिकाम्या होत्या, हे तुला तेव्हापासून माहीत होतं?"

होतं. बाहेर बोलणार नाही अशी कारखान्याने सही घेतली होती, आणि नोकरी सुटल्यावरही मी ती पाळत बसले. भिंतीला भिंत लागून राहत होतो आम्ही.

ती काल गावी गेली. मी स्टेशनवर येते म्हटलं, तर नको म्हणाली.