फाट्यावरची लोखंडी चौकट

आमच्या गावात माणूस मोठा झाला की आधी फाट्यावर दिसतो. चितेगावच्या पुढे पैठण रस्त्याला आमचा गावरस्ता मिळतो, तिथे उजव्या कोपऱ्यावर बॅनर लागायचे. वाढदिवस, निवड, नियुक्ती, कुणाच्या पोराची नोकरी. मधे मोठा फोटो, गॉगल लावलेला नाहीतर हात जोडलेला, आणि खाली शुभेच्छुकांचे छोटे फोटो, कांद्याच्या रोपासारखे दाटीवाटीने लावलेले. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे नुसते दोन बांबू होते. वारं सुटलं की ते कुणाच्या तरी टपरीवर पडायचे. मग ग्रामपंचायतीने लोकांची सोय म्हणून लोखंडी चौकट उभी केली, पाय सिमेंटात रोवून. अंगणवाडीला दार नव्हतं, पण बॅनरला चौकट होती. हे मी तेव्हाही बोलून दाखवलं होतं आणि तेव्हाही सगळे हसले होते.

पुढे महिलांच्या राखीव जागेवरून मी पंचायतीची सदस्य झाले. नवऱ्याचा हिशेब असा, की सही बायको करील आणि बैठकीला आपण बसू. पहिल्याच बैठकीला मी त्याला दारातून परत पाठवलं. तो भला माणूस आहे, दोन दिवस फुगून बसला आणि मग कामाला लागला.

माझा धाकटा दीर त्या फाट्यावर गेला. चितेगावच्या एका कंपनीत होता, सकाळच्या पाळीला मोटारसायकलवर निघायचा. अपघाताच्या आदल्या दिवशी त्याने आणि त्याच्या दोस्तांनी तालुक्यातल्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर चौकटीला बांधला होता. सगळे त्या पुढाऱ्याला नुसतं ‘भाऊ’ म्हणायचे. खाली शुभेच्छुकांत दिराचाही फोटो होता, पांढऱ्या सदऱ्यातला. सकाळी तो गावरस्त्यावरून वर आला आणि पैठणकडून येणारा टेम्पो त्याला दिसला नाही. टेम्पोवाल्यालाही तो दिसला नाही. दोघांच्या मधे भाऊंचा वाढदिवस होता.

लोकांनी टेम्पोवाल्याला शिव्या दिल्या, रस्त्याला दिल्या, नशिबाला दिल्या. चौकटीला कुणी दिली नाही. आणि दहाव्याच्या दिवशी त्याच दोस्तांनी शहरातल्या मुकुंदवाडीहून नवा बॅनर छापून आणला. तोच पांढऱ्या सदऱ्यातला फोटो मोठा करून, वर भावपूर्ण श्रद्धांजली, खाली शोकाकुल म्हणून तीच रांग. बांधला कुठे, तर त्याच चौकटीला. ज्या आडोशाने माणूस खाल्ला, त्याच आडोशाला त्याचं तोंड चिकटवलं. त्या पोरांचं प्रेम खोटं नव्हतं, रडत रडत दोऱ्या आवळत होती. म्हणूनच माझं डोकं फिरलं.

दिराची मुलगी तेव्हा पाचवीत होती. गावातली शाळा चौथीपर्यंतच, पुढची रस्त्यापलीकडे. बापाचं दिवसकार्य उरकल्यावर ती पुन्हा सायकलवर शाळेत जायला लागली आणि मी तिला सोडायला फाट्यापर्यंत गेले. चौकटीजवळ आल्यावर ती बापाच्या फोटोकडे बघायला लागली. बघत बघतच तिने सायकल पुढे काढली. मी तिचं दप्तर मागून धरलं आणि पुढच्याच क्षणाला एक जीप नाकासमोरून गेली. त्या धुरळ्यात आम्ही दोघी उभ्या. ती म्हणाली, “मोठी आई, मला गाडी दिसलीच नाय.”

मी तिला हात धरून पलीकडे नेलं, शाळेच्या फाटकात सोडलं, घरी आले, विळा घेतला आणि परत जाऊन बॅनरच्या दोऱ्या कापल्या. भर दिवसा, टपरीवर माणसं चहा पीत असताना. कुणी उठलं नाही. दिराचा फोटो खाली पडू दिला नाही एवढं खरं. नीट गुंडाळला, खांद्यावर घेतला आणि घरी आणला.

सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंनी ती गुंडाळी पाहिली आणि जमिनीवर बसकण मारली. “माझ्या लेकाला गाडीनं मारलं, आन आता तू मारायलीस व्हय? गावात त्याचं एवढं एक तोंड ऱ्हायलं होतं, तेबी तुझ्या डोळ्यात खुपलं?” मी जीपचं सांगितलं. ऐकणार कोण? त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. जाऊ तेवढी आत आली, दार लोटलं आणि म्हणाली, “बाई, बरं केलंत. मला बोलता येत नव्हतं.” तिचा नवरा गेलेला, तिला बोलायचीही चोरी. मला दिरापेक्षा त्या वेळी तिच्यासाठी रडू आलं.

दोस्तमंडळी चिडली. मयताचा अपमान केला म्हणून माझ्यावर कारवाई करा, असं सरपंचाला जाऊन सांगून आली. सरपंच नात्याने माझा लांबचा दीरच, गोड बोलणारा माणूस. म्हणाला, “वहिनी, लोकांच्या भावना हायेत. आन रस्ता काय आपला नाय, बांधकाम खात्याचा हाय. आपण गतिरोधक मागितलाय. येईल तवा येईल.”

हे मी किती वेळा ऐकलं होतं! रस्ता खात्याचा, विजेचा खांब मंडळाचा, गाड्या कंपनीच्या, आणि मेलेलं माणूस तेवढं आपलं. मी म्हटलं, “रस्ता खात्याचा असंल. चौकट कुणाची? ती तर आपणच रोवली ना? तिच्यासाठी कुणाला अर्ज करायचा? स्वतःलाच?”

ग्रामसभेत मी एकच मागणी ठेवली. चौकट काढायची, कोपऱ्यावरची वेडी बाभूळ तोडायची आणि पुन्हा तिथे कुणाचाही बॅनर लागणार नाही, जिवंत माणसाचा नाही आणि मेलेल्याचाही नाही. नेहमी सभेला पुरुष येतात आणि बायकांचे अंगठे नंतर घरोघर फिरून घेतले जातात. त्या दिवशी मी आणि जाऊ घरोघर आधी फिरलो. ज्यांची लेकरं रस्त्यापलीकडे जात होती त्या सगळ्या आल्या. कुजबुज सुरू झाली, एक म्हातारा म्हणाला, बाईमाणसाला रस्त्यातलं काय कळतं. मी म्हटलं, चला मग, दाखवा मला. फाटा काही लांब नव्हता, सगळी सभाच उठून तिकडे गेली. चौकटीवर तेव्हा कुणाच्या तरी नियुक्तीचा ताजा बॅनर होता. मी सरपंचाला पुतणीच्या सायकलशेजारी बसायला लावलं, तिच्या डोक्याच्या उंचीवर. म्हटलं, पैठणकडून गाडी आली की सांगा. तो धोतर सावरत उकिडवा बसला. लोक हसायला लागले. मग एक ट्रक आला, आणि तो कोपऱ्यावरून बाहेर निघेपर्यंत सरपंच काहीच बोलला नाही. भोंगा वाजला तसा तो मागे हातावर पडला. नंतर कुणी हसलं नाही.

ठराव झाला. उठता उठता सरपंच म्हणतो, “वहिनी, एवढं मोठं काम केलं, तुमच्या अभिनंदनाचा एक बॅनर लावू का?” आणि तो चेष्टा करत नव्हता! मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने लगेच बाभळीचा विषय काढला.

चौकट कापायला चितेगावहून वेल्डिंगवाला बोलावला. तो आपली गॅसची नळी जोडतोय तोवर भाऊंची पोरं तीन-चार गाड्यांवर येऊन थडकली. भाऊ आता मोठ्या पदावर गेले होते, सत्कार जवळ आला होता, बॅनर छापून तयार होता. म्हणे, एवढा कार्यक्रम होऊ द्या, मग काढा. सरपंच पाघळायला लागला. “वहिनी, आठ दिवसांनी काय फरक पडतो?” मी चौकटीच्या पायाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, एक दिवसही नाही. पोरांतला एक म्हणाला, घरात मयत झाल्यापासून वहिनीचं डोकं ठिकाणावर नाय. नवरा पुढे सरसावला, वेल्डिंगवाल्याने नळी बंद केली. आता इथे हाणामारी होणार, एवढं मला दिसत होतं आणि मी हलणार नव्हते.

तेवढ्यात गावरस्त्याने आत्याबाई आल्या. नातीचा हात धरून, डोक्यावरचा पदर नीट करून. माझ्याशी बोलत नसल्या तरी मला वाटलं, आता सगळ्यांदेखत माझी शोभा करणार. त्या माझ्याकडे न बघता सरळ भाऊंच्या पोरांपुढे उभ्या राहिल्या.

“माझ्या लेकाचा फोटो हितून काढला, तवा तुम्ही कुणी आडवं आलं नाय,” त्या म्हणाल्या. “मी रडले, गाव ऐकत होतं. माझ्या मेलेल्या लेकाला हितं जागा नाय, तर तुमच्या भाऊला कशापायी? तो काय माझ्या लेकापरीस लई वरचा हाय?”

एकाने गाडी वळवली, मग दुसऱ्याने. आत्याबाईंनी वेल्डिंगवाल्याला हातानेच सांगितलं, चालव.

चौकट आडवी व्हायला फार वेळ लागला नाही. बाभूळ आधीच तोडलेली होती. आत्याबाई नातीला घेऊन पुढे झाल्या आणि रस्त्याच्या कडेला, जिथून त्यांचा मुलगा त्या सकाळी वर आला होता, तिथे थांबल्या. पैठणकडे बघितलं. सडक मोकळी होती, पार लांबच्या वळणापर्यंत. एक टेम्पो त्या वळणावर नुकता दिसायला लागला होता, बोटाएवढा. आम्ही सगळे तो जवळ यायची वाट बघत उभे राहिलो. त्याला यायला बराच वेळ लागला.

तो समोरून निघून गेल्यावर आत्याबाई माझ्याकडे वळल्या. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या. “एवढ्या लांबचं दिसतं व्हय गं हितून?”