वच्छलाबाईंची बदाम सत्ती

पहिल्याच डावात बदामाच्या दोन सत्त्या निघाल्या, तेव्हा वच्छलाबाई मांदाडे रिकाम्या खोलीत एकट्याच हसल्या. चूक होती, पण मशीननं ऐकलं तर होतं! कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर तेरा पत्त्यांची नावं ओळीनं उभी होती, आणि ती त्यांनी सांगितली म्हणून उभी होती.

ही गोष्ट १९९८ सालची. बाई बेचाळीस वर्षांच्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल शहरात त्यांची टायपिंगची संस्था होती. गाव तिथून चार किलोमीटरवर, घर धिवरांचं. वडील बापूजी तलावात जाळं टाकत. त्या गावातून चंद्रपूरला जाऊन टायपिंग शिकलेली पहिली मुलगी म्हणजे वच्छला.

आता मात्र पोरं कॉम्प्युटर शिकायला चंद्रपूरला जाऊ लागली होती. बाईंना याचं वाईट वाटायच्या आधी कुतूहलच वाटलं. धाकटा भाऊ धनराज गडचांदूरला एका कचेरीत होता. तिथला भंगारात निघालेला कॉम्प्युटर त्यानं बसच्या टपावर बांधून आणला.

"बाई, विंडोज चालत नाई याच्यात," तो म्हणाला. "पण क्यूबेसिक आहे. प्रोग्राम लिहिता येते. पोरांच्या हजेरीचा लिही."

"हजेरी मी वहीत घेतो. मले पत्त्याचा खेळ कराचा आहे."

दुपारी एक ते चार संस्था रिकामी असे. तेवढ्या वेळात, शेजारी इंग्रजी-मराठी डिक्शनरी उघडी ठेवून, बाई मशीनमधलीच मदतीची पानं वाचत. अर्धं कळे, अर्धं करून पाहिल्यावर कळे. बोटं मात्र वाऱ्यासारखी चालत. मशीनला देवनागरी येत नव्हती, म्हणून ती इंग्रजी अक्षरांतून इकडची झाडीबोली बोलू लागली: ‘तुही पाळी. कोनता पत्ता टाकतं?’ ही ओळ पहिल्यांदा पडद्यावर आली तेव्हा बाई खुर्चीवरून उठून दारापर्यंत जाऊन आल्या. सांगायचं कोणाला? गल्लीत एक बकरी तेवढी होती.

दोन सत्त्यांचं कोडं आठवडाभर सुटेना. रविवारी घरी भात शिजत होता, आणि अंगणात बापूजी आपल्या सोबत्यांसाठी पत्ते पिसत होते. बाईंची नजर त्यांच्या हातांवर खिळली.

"बा, जरा हळू पिस ना."

"काऊन वो? मी लबाडी करून राह्यलो का?"

बाईंना एकदम उमगलं. बापूजी नवा पत्ता बनवत नव्हते! बावन्न आधीपासून हातात होते, ते फक्त त्यांच्या जागा बदलत होते. आणि त्यांची मशीन दर वेळी मनानं नवा पत्ता काढत होती, मग एकच पत्ता दोनदा येणार नाही तर काय! बाईंनी सायकल काढली.

"अवो, भात कोन उतरवन?" बापूजी ओरडले.

"तूच उतरव!"

तासाभरात बावन्न पत्ते रांगेत लागले आणि आपसात जागा बदलू लागले. पण दोनदा वीज गेली, दोनदा लिहिलेलं पुसलं गेलं. तिसऱ्यांदा बाईंनी दर दहा ओळींनी फ्लॉपीवर उतरवून ठेवलं. पुढचे पंधरा दिवस मशीनला तीन भिडूंचे पत्ते खेळायला शिकवण्यात गेले.

मग एका दुपारी बापूजी आणि त्यांचे सोबती पोचूभाऊ आणि झाडूभाऊ धुतलेले सदरे घालून संस्थेत आले. भिडूनं पत्ता सांगायचा, बाईंनी टाइप करायचा, असं ठरलं.

"बाकीचे पत्ते कुठी हायेत?" पोचूभाऊंनी विचारलं.

"तिच्या पोटात."

पहिला डाव पोचूभाऊ हरले. बाईंनी प्रोग्राम पुन्हा सुरू केला, आणि झाडूभाऊ खुर्ची ओढतात तोच बापूजींनी हात वर केला. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण बाई मोठ्यानं पत्ते सांगत होत्या ते त्यांनी ऐकलं होतं.

"थांब. बदामाची राणी, किलवरची पंजी, चौकटची तिर्री... हा तं पोचूचाच हात होय! वच्छला, तुही मशीन पत्ते पिसतच नाई."

बाईंनी पुन्हा सुरू केलं. तोच हात. पुन्हा. तोच. त्यांचे कान तापले. इतके दिवस त्या चुका शोधत होत्या, पत्त्यांकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं. तिघांना तसंच बसवून त्यांनी मदतीची पानं उघडली, आणि दहा मिनिटांत टाळी वाजवली.

"सापडलं! हे पत्ते पिसाले दर वेळी एकच आकड्याची माळ पह्यल्यापासून म्हनते, बा. कुठून सुरू कराची ते घड्याळाले विचार, असं सांगा लागते."

प्रोग्रामच्या सुरुवातीला एक ओळ वाढली. या वेळी हात नवा होता. खुर्चीत बापूजी बसले. हातातली चौकटची सत्ती, जिच्याशिवाय चौकटचा एकही पत्ता लागत नाही, ती त्यांनी शेवटपर्यंत दाबून ठेवली. मशीनचे तिन्ही भिडू ‘पास, पास’ करत राहिले आणि डाव बापूजींनी मारला.

"सत्ती हाती आली का टाकते तुही मशीन," ते म्हणाले. "भोळी आहे."

"मंग कवा टाकाव?" बाईंनी पेन्सिल उचलली.

बापूजी सांगत गेले, बाई लिहीत गेल्या: आपल्याकडे त्याच रंगाचे वरचे-खालचे पत्ते किती, दुसरे कोण अडकले आहेत. पंचेचाळीस वर्षांचा खेळ चार पानांत उतरला. महिन्याभरानं तिघं पुन्हा आले. त्याच खुर्चीत बापूजींना लागोपाठ तीनदा पास म्हणावं लागलं आणि डाव हातचा गेला, तेव्हा त्यांनी टेबलावर थाप मारली.

"दाबून बसली रे हे!"

आणि बाई? त्या टाइपरायटरांच्या रांगेमधून चक्क नाचत होत्या.

पुढच्या जूनमध्ये संस्थेत कॉम्प्युटरसाठी अकरा पोरं आली. पण त्याआधी, बापूजी हरले त्याच दुपारी, बाईंनी नवी फाइल उघडली होती. आता मेंढीकोटचा खेळ करायचा होता. त्यात समोरचा भिडू आपला असतो, आणि न बोलता त्याच्या मनातलं ओळखावं लागतं. ते मशीनला कसं सांगायचं, यावर चौघांचा वाद सुरू झाला, तो दिवे लागेपर्यंत मिटला नाही.