मामंजींचा रॉकेलचा ट्रॅक्टर

मामंजी ट्रॅक्टर थांबवताना ब्रेक दाबत आणि वर "हो, हो, हो" असं ओरडतही. जन्मभराची बैलांची सवय. ट्रॅक्टर ब्रेकने थांबतो, असं कुणी सांगितलं तर म्हणत, "त्येनं कुणाचं ऐकलं, तुला काय म्हाईत?"

मामंजी म्हणजे माझे सासरे. आष्ट्याजवळ आमचा ऊस. दुसरी मोठी लढाई संपता संपता त्यांनी एक बैलजोडी विकून एका बागाईतदाराचा जुना ट्रॅक्टर घेतला. गावाने वेड्यात काढलं. माझे मालक त्याआधीच ब्रह्मदेशाच्या लढाईत मारले गेले होते. मूलबाळ नव्हतं. अशा सुनेला माहेरी पोचवायची, ही आमच्याकडची रीत. मला जायचं नव्हतं. भावजयांच्या हाताखाली राहण्यापेक्षा इथला चिखल बरा, असं माझं मत होतं. पण मला विचारतो कोण?

बेंदूर आला. बैलांना धुतलं, शिंगं रंगवली, पोळी चारली. मामंजींना वाटलं, ट्रॅक्टरने काय पाप केलंय, त्यालाही अंघोळ घालू. तो नुकताच रानातून आलेला, इंजिन निखाऱ्यासारखं. त्यांनी विहिरीच्या गार पाण्याची घागर त्याच्यावर उपडी केली. टण्ण आवाज झाला आणि इंजिनाच्या कुशीचा मॅनिफोल्ड उभा तडकला. मॅनिफोल्ड म्हणजे बिडाचा दुहेरी नळ. एका वाटेने तेल आणि हवा इंजिनात जाते, दुसऱ्या वाटेने धूर बाहेर पडतो. धाकटे दीर हसायला लागले. मामंजी रिकामी घागर धरून म्हणाले, "हसू नगंस. बैल आस्ता तर लाथ मारली आस्ती. ह्येनं बिचाऱ्यानं सोसलं."

आडसाली, म्हणजे पावसाळ्यातली उसाची लागण तोंडावर आलेली, नांगरट अर्धी, बैल कमी. रान पडून राहिलं तर घरात खाणारी तोंडं मोजली जाणार आणि पहिलं माझं मोजलं जाणार, हे मला कळत होतं.

मामंजी सांगलीला निघाले. दीर बरोबर होतेच. मामंजी मला म्हणाले, भाकरी बांधून घे आणि तूही चल. का, ते सांगितलं नाही.

जुन्या सामानाच्या दुकानदाराने दोन मॅनिफोल्ड पुढे ठेवले. आमच्या इंजिनाला दोन्ही बसत होते. एक हलका, नवा दिसणारा, पेट्रोलचा. त्यात तेलाची वाट धुराच्या वाटेपासून लांब होती. दुसरा जड, गंजका, रॉकेलचा. त्यात दोन्ही वाटा एकमेकींना चिकटलेल्या, म्हणजे धुराच्या धगीने तेल तापणार. आमचा ट्रॅक्टर पेट्रोलवर सुरू व्हायचा आणि रॉकेलवर राबायचा. पेट्रोल कूपनावर, तेही चमचाभर. तरी दिरांना नवाच हवा होता. भोकं जुळतात तर रॉकेलही त्यातून जाईल, असं त्यांचं म्हणणं.

मामंजी माझ्याकडे वळले. "तू सांग. घरात स्टोव्ह तू पेटिवतीस."

मला जे ठाऊक होतं ते सांगितलं. स्टोव्ह आधी स्पिरिटने तापवला नाही तर रॉकेल कच्चंच वर येतं, भडकतं, काजळी धरते. तेल तापवणारा घ्या. दुकानदाराने मान डोलावली. कच्चं रॉकेल खाली इंजिनाच्या ऑइलात उतरतं, ऑइल पाण्यासारखं होतं आणि इंजिन झिजतं, असं तो म्हणाला.

दीर फणकारले, की आता इंजिनाचं सामान बायकांना विचारून घ्यायचं का.

"सामान कुटं? चूल घेतूया," मामंजी म्हणाले. "चूल घेताना तुला इचारू व्हय?"

रॉकेलचाच मॅनिफोल्ड बसला, पण दीर रुसले आणि त्यांनी ट्रॅक्टरला हात लावायचं सोडलं. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू, नांगराचं तास वाकडं जायचं. चार दिवस तसंच रेटून त्यांनी मला वर बसवलं. मी कासोटा घट्ट केला आणि बसले. लोक बांधावर बघायला जमायचे. मामंजी बाजूने चालत ओरडायचे, "तापू दे. तापल्याबिगर रॉकेल सोडू नगंस. नुस्तं हुबं ठेवलंस तरी गार पडतंय त्ये." तास चुकलं की विचारायचे, "हितनं साप गेला का गं?" शाबासकी त्यांनी कधी दिली नाही. मी सहसा कुणाचे उपकार मानत नाही. त्यांचे मानते. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली.

त्या नागपंचमीला माझा थोरला भाऊ पलूसहून गाडी जुंपून आला. पंचमीला भाऊ न्यायला येतोच, पण या खेपेला तो मला परत न धाडण्याच्या बोलीने आला होता. थोडंच रान उरलं होतं. त्याला बघून मी ट्रॅक्टर उभा केला आणि इंजिन चालू ठेवून खाली उतरले. भाऊ मामंजींना म्हणाला, पोरीचा तुमच्यावर भार नको, घेऊन जातो.

"मला काय इचारतुयास?" मामंजी म्हणाले. "तिला इचार."

मालक गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी भावाला सांगितलं, "मी न्हाई येत, दादा."

मामंजींनी आधी उरलेल्या रानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग उतरलीस कशाला? इंजिन गार हुतंय."