मावशींची डावी मूठ

"हा घ्या तुमचा हात," असं म्हणून मावशी डावा हात माझ्या टेबलावर ठेवायच्या आणि स्वतः भिंतीकडे बघत बसायच्या. हात त्यांचाच, पण ऑपरेशन झालं त्या दिवसापासून त्यांनी तो डॉक्टरांच्या आणि माझ्या ताब्यात देऊन टाकला होता. आम्ही म्हणू तेव्हा तो हलणार, आम्ही म्हणू तेव्हा गप्प पडणार. इतकी शब्दाबाहेर न जाणारी पेशंट मला पुन्हा मिळाली नाही.

हाताच्या ऑपरेशननंतरचे व्यायाम करून घेणं हे माझं नगरमधलं काम. तुम्हीही कधी हातपाय मोडून अशा खोलीत बसला असाल, तर तिथले नमुने तुम्हाला ठाऊक असतील. सुप्याच्या कारखान्यात बोटं दाबली गेलेला कामगार व्यायाम म्हटलं की मोबाईल काढतो. निवृत्त गुरुजी मलाच शरीरशास्त्र शिकवतात. मावशी मात्र बोटांवर मोजून, ओठ हलवत व्यायाम करायच्या.

"तासाला किती?"

"दहा."

"अकरा झालं तर?"

"होऊ द्यायचं नाही."

"बरं," म्हणायच्या आणि दहावर थांबायच्या.

त्या राहुरीकडच्या. जनावरांसाठी घास कापताना विळा निसटला आणि डाव्या तळहातात घुसला. मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट वाकवणाऱ्या कंडरा, ज्यांना सगळे शिराच म्हणतात, तुटल्या. डॉक्टरांनी त्या शिवल्या. आता खरी परीक्षा असते ती पुढच्या दोन-तीन महिन्यांत. हात हलवलाच नाही तर शिवलेली जागा आतल्या आत चिकटून बसते, आणि जोर पडला तर तुटते. म्हणून हातामागे प्लास्टिकची पट्टी, म्हणजे स्प्लिंट, बांधून ठेवायची आणि बोटं मोजूनमापून हलवायची. माझी सगळी भीती त्या मापाची असते.

मावशींची भीती गोठ्यात होती. पहिल्यांदाच व्यालेली गाय त्यांच्याशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत नव्हती. "मालकांना लाथ घालती. मी एका हातानं काढते, तर निम्मं दूध कासंतच ऱ्हातं. कास दगडावानी झालीया मॅडम. तिला काय सांगू, मॅडम न्हाई म्हनत्यात?"

चार आठवडे झाले. आता बोटं स्वतःच्या जोरावर, पण अगदी हलकेच मिटायची होती. मावशी ती एकदम ओढायच्या. मी तीनदा करून दाखवलं, जमेना. शेवटी, मला खेड्यातलं कळतं अशा तोऱ्यात मी म्हणाले, "मावशी, धार काढताना मूठ कशी मिटते? वरून खाली, एकेक बोट. अगदी तशी."

त्यांचा चेहरा उजळला. मूठ इतकी सुरेख मिटली की मी स्वतःवरच खूश झाले. 'पण नुसती हवेत, रिकामी' एवढं म्हणायचं राहून गेलं.

पुढच्या सोमवारी त्या आल्या, तेव्हा मी स्प्लिंट सोडली आणि थांबले. इतके दिवस बांधलेल्या हाताची कातडी कोरडी असते, तिचे पापुद्रे निघत असतात. मावशींचा तळहात मऊ, तुकतुकीत होता. तेलाचा वास येत होता.

"व्यायाम केला का?"

"व्हय. सकाळी आन् सांच्याला. तुमी सांगितल्यावानी."

"कुठे?"

"गोठ्यात. सडांना तेल लावून, दोन्ही हातांनी. गाय बी लई खूश हाय."

मी शक्य तितक्या शांतपणे म्हणाले, "मूठ मिटा बघू." मधलं बोट वाकलं. शेजारचं तसंच ताठ राहिलं. मी त्याचं मधलं पेर धरलं आणि म्हणाले, "फक्त टोक वाकवा." मावशींच्या कपाळावर घाम आला, टोक हललं नाही.

"परवा आत टक् झालं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मोकळं झालं."

डॉक्टरांनी बोट दाबून पाहिलं आणि ते भडकले. "धार काढायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी फाईल धरून त्यांच्या शेजारी उभी होते. मावशींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कुनी न्हाई. माझंच चुकलं."

"या मॅडमनी तुमच्यासाठी किती मेहनत घेतली, आणि तुम्ही सगळं पाण्यात घातलंत."

"व्हय," मावशी म्हणाल्या. बोलायची हीच वेळ होती. मी फाईलवर तारीख घातली.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "मावशी, मीच म्हटलं होतं धार काढल्यासारखं."

"तुमची नोकरी हाय," त्या पदर सावरत म्हणाल्या. "मला कोन काढून टाकनार हाय?"

मला स्वतःची लाज वाटली, आणि मी पुढची तारीख त्यांच्या कार्डावर लिहून दिली.

दुसरं ऑपरेशन म्हणजे पुन्हा शिवणं आणि पुन्हा तीन महिने बांधलेला हात. मावशींनी नको म्हटलं. मधलं बोट वाचवायला मात्र त्या महिनाभर येत राहिल्या. आता मी प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची आणि त्यांच्याकडून वदवून घ्यायची. त्या न कंटाळता पाठ म्हणायच्या. मधलं बोट नीट झालं, शेजारचं तसंच राहिलं. पातेलं धरलं की ते बोट बाजूला निघायचं.

शेवटच्या दिवशी त्यांनी स्प्लिंट धुऊन, फडक्यात गुंडाळून आणली. "दुसऱ्या कुना गरिबाच्या कामाला येईल." ती त्यांच्याच हातावर घडवलेली, दुसऱ्या कुणाला बसण्यासारखी नव्हती. मी ते बोलले नाही, ठेवून घेतली.

"डॉक्टरांचा निरोप घ्यून जाते," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांना मी अजून खरं सांगितलं नव्हतं; इतक्या दिवसांनी दोघांच्या समोर उभं राहायची माझी हिंमत झाली नाही. मी म्हणाले, "ते आज आले नाहीत."

डॉक्टरांच्या चपला त्यांच्या खोलीच्या दाराशी होत्या. मावशींनी चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बरं," त्या म्हणाल्या. "मंग मी नमस्कार केलाय म्हनून तुमीच सांगा त्यास्नी."

तो नमस्कार मी अजून पोचवलेला नाही.