अण्णांची तुसाची मॅट

अण्णा चढाईला गेले की समोरच्या संघातली पोरं जांभया द्यायची, असं आमच्या गावात अजून सांगतात. तिखटमीठ सोडलं तरी माणसाचा दम अचाट होता. पंपाजवळ ‘कबड्डी कबड्डी’ सुरू करायचे आणि गावदेवीची घंटा वाजवूनच श्वास घ्यायचे. म्हणून गावाने नाव ठेवलं, दमवाले अण्णा.

एकदा शेलूच्या मैदानावर पंचांना शंका आली, की हा माणूस मधेच चोरून श्वास घेतो. ते सरळ मैदानात शिरले आणि अण्णांच्या तोंडाला कान लावून त्यांच्यामागे फिरू लागले. अण्णांनी गड्यांना निवांत या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नाचवलं, दोघांना बाद करून मध्यरेषेवर परत आले, आणि घामाघूम पंचांना म्हणाले, “सायेब, तुमी सोडा आता श्वास. कवाचा धरलाय.”

त्यांच्या खेळाची सगळी मेख त्या दमात होती. समोरचा कंटाळेपर्यंत, चिडेपर्यंत फिरत राहायचं. तो चिडून अंगावर आला की हळूच बोट लावायचं. “घाई त्याला होऊ दे,” ते म्हणायचे, “आपल्याला काय, दम हाय.”

मग घड्याळ आलं. एका चढाईला तीस सेकंद, लाल आकड्यांची पाटी आणि वेळ संपली की कर्कश भोंगा. अण्णांचं खेळायचं वय तेव्हा उतरणीलाच लागलं होतं, पण नेरळच्या त्या सामन्यात ते उतरले. मी काठावर काकूच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, मांडीवर बसले होते. अण्णा नेहमीसारखे फिरत राहिले आणि भोंगा वाजला. पंचांनी बाद दिलं. अण्णा थांबलेच नाहीत. सगळं मैदान बघत असताना कबड्डी कबड्डी म्हणत ते मध्यरेषेपर्यंत चालत आले, रेषेला हात लावला आणि मगच बोलले. “बाद कसा? दम तर हाय की माजा.” पोरं हसली. काकू हसली नाही. त्यानंतर अण्णा चढाईला गेले नाहीत.

पोटासाठी ते खालापूरकडच्या एका खडीच्या क्रशरवर जायचे. संध्याकाळी परत यायचे तेव्हा मैदान आखायच्या फक्कीत लोळून आल्यासारखे पांढरेफटक असायचे. हातपाय धुऊन तडक मैदानावर, आम्हा मुलींना शिकवायला. काकूची तांदूळ चाळायची चाळण घेऊन ते मैदानातली माती चाळत बसायचे, मुलींच्या पायाला खडा टोचू नये म्हणून. काकू रोज ओरडायची, “त्याच चाळणीनं उद्या तुमाला माती घालीन ताटात!” अण्णा खोकत खोकत हसायचे. तो खोकला आम्ही कुणीच मनावर घेतला नाही. त्यांच्या दमाला काही होईल असं वाटण्याजोगं नव्हतंच.

शिकवताना एकच गोष्ट हजारदा सांगायचे. “गडी नाय मिळाला तरी चालंल गं, पन दम राखून परत ये. रेषेवर परत आलीस म्हंजे जिंकलीस.” आणि परत येणाऱ्या मुलीला मध्यरेषेवरून हात पुढे करून ओढायला कुणी गेलं की भयंकर चिडायचे. “ओढायचं नाय! तिचं तिला येऊ दे.”

तोवर कबड्डी टीव्हीवर गेली होती. माती गेली, रबरासारखे तुकडे एकमेकांत अडकवून केलेली मॅट आली, पायांत बूट आले. जिल्ह्याच्या संघाची निवडही मॅटवर होऊ लागली. मातीत पाय सरकतो, मॅटवर तो चिकटतो. आमच्या गावच्या मुली वर्षामागून वर्षं तिथे तोंडावर आपटून परत येत होत्या. माझी ती शेवटची संधी होती. संघात आले असते तर पुढे खेळाडूंसाठी राखीव जागेतून पोलीस भरतीला उभं राहता आलं असतं. घरात माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती आणि ती टाळायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. हे अण्णांना ठाऊक होतं.

ते कर्जतला एका शाळेत मॅट बघायला गेले. हॉलला कुलूप होतं. खिडकीच्या गजांतून हात घालून त्यांनी भिंतीशी रचून ठेवलेला मॅटचा एक तुकडा अंगठ्याने दाबून पाहिला आणि परत आले. “मऊ हाय, पन वरून चिकाट,” म्हणाले. तेवढ्यावर मॅट तयार करायला घेतली. भातगिरणीतून तुसाची, म्हणजे भाताच्या टरफलांची, पोती आणली. तूस अंथरून, पाणी मारून, पाट्याने थोपटून सारखं केलं, वर ताडपत्री ताणून चहूबाजूंनी खुंट्या ठोकल्या आणि पांढऱ्या रंगाने मध्यरेषा ओढली. स्वतः अनवाणी चालून पाहिलं. लहान मुलासारखे खूश झाले. आम्हीही झालो. आमच्या भातपट्ट्यातल्या माणसालाच सुचावं असं ते होतं. पण तूस ताडपत्रीखाली सरकतं, रोजच्या पळण्याने कुठे ढीग होतो, कुठे खळगा, हे अनवाणी चालून कळत नाही.

निवडीच्या आदल्या आठवड्यात मी बूट घालून चढाईला गेले. वळताना पाय खळग्यात रुतला आणि बूट ताडपत्रीत अडकला. मी वळले, गुडघा वळला नाही. गुडघ्यातला कट्‌ असा आवाज अण्णांनाही ऐकू गेला असणार, कारण मी किंचाळायच्या आधीच ते धावले होते. दवाखान्यात नेताना टेंपोत त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला होता आणि एकच पुटपुटत होते, “मी बाद केली गं तुला. माज्या हातानं बाद केली.”

निवड गेली. भरतीही गेली. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. मला अण्णांचा राग आला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. आला, आणि जिना चढताना गुडघा कळ काढतो तेव्हा अजूनही येतो. पण त्या काळात ते रोज आमच्या दाराशी यायचे, चप्पल न काढता उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि आत न येताच परत जायचे. ते पाहवत नव्हतं.

गेल्या वर्षी काकूचा फोन आला. अण्णा इस्पितळात होते. क्रशरच्या धुळीने छाती भरली होती. मी पोचले तेव्हा उशाशी ते प्लास्टिकचं यंत्र होतं, नळीतून श्वास ओढला की आतल्या तीन रंगीत गोळ्या वर चढतात ते. सिस्टर म्हणत होत्या, “बाबा, जोरात ओढा, जोरात.” अण्णांनी ओढलं. पहिली गोळीही जागची हलली नाही. माझ्याकडे पाहून त्यांनी नळी बाजूला ठेवली.

“तू म्हन,” ते म्हणाले. “मी आयकतो.”

मी वाकले. त्यांनी माझ्या तोंडाजवळ कान आणला, शेलूच्या त्या पंचांसारखा. भरल्या वॉर्डात मी हळू आवाजात कबड्डी कबड्डी म्हणू लागले. बाजूच्या खाटेवरचे लोक बघत होते. जमेल तितकं म्हटलं, मग रडू आलं आणि दम तुटला.

“गेला तुजा दम,” अण्णा म्हणाले. बराच वेळ श्वास गोळा करून पुन्हा बोलले, “पन तू रेषेवर हायेस गं. मी नाय पोचत आता.”

मी त्यांचा हात धरला आणि दोन्ही हातांनी ओढू लागले. “या ना अण्णा. या परत.” असं ओढायचं नसतं हे मला त्यांनीच शिकवलं होतं. ते चिडले नाहीत. सिस्टरनी येऊन माझे हात सोडवले तोवर मी ओढतच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा गेले.